आईचे पाढे

शालनआक्कांच्या मिरची कुटायच्या डंकावर चटणी करायला येणाऱ्या बायकांना दोन गोष्टींचा ठसका लागायचा: एक मिरचीचा आणि दुसरा आक्कांच्या तोंडाचा. "मिरच्या वाळवल्यास, का उन्हाला नुसत्या दावून आणल्यास?" "देठं कुणी काढायची, तुझ्या सासूनं?" असं सरळ तोंडावर. बायका जाताना पुटपुटायच्या, हिच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात पिशवी घेऊन तिथंच रांगेत उभ्या राहायच्या. इचलकरंजीत डंकांना काही तोटा नव्हता. पण आक्का बोलतील ते खरं असतं, हे गल्लीला ठाऊक होतं.

अशा बाईची वाचाच गेली.

डंकाशेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवता चढवता त्या एका सकाळी खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मेंदू जिथं मणक्याला जोडलेला असतो त्या देठात रक्ताची गाठ अडकली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी आक्कांच्या एकुलत्या लेकीला, केतकीला, समोर बसवून सांगितलं, "त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. वरचा मजला शाबूत आहे. जिना तेवढा कोसळलाय." हात, पाय, मान, ओठ, जीभ, काही म्हणजे काही हलत नव्हतं. बुबुळं फक्त वरखाली व्हायची. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.

केतकीनं कोल्हापूरचं भाड्याचं घर सोडलं. नवरा धैर्यशील आणि रांगती जुई यांना घेऊन ती डंकावरच्या माडीवर राहायला आली. ड्रोनचे मार्ग आखण्याचं तिचं काम घरून व्हायचं. डंक आणि गिरण चुलतभाऊ बघू लागला. आणि आक्कांच्या डोक्यात जाळी बसली.

जाळी म्हणजे पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढा पातळ पापुद्रा, त्यावर केसाहून बारीक तारा. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूचा एक भाग ओठांना, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. आक्कांच्या मेंदूतून ते हुकूम सुटत होते, खाली पोहोचत नव्हते. जाळी ते वरच्यावर टिपायची आणि उशाशी ठेवलेल्या डबीला कळवायची. डबी हुकुमांचा अर्थ लावून बोलायची, तेही आक्कांच्याच आवाजात. आवाजाचा नमुना फोनवरच्या जुन्या निरोपांतून घेतला होता. बहुतेक निरोप गिऱ्हाइकांना झापतानाचे होते.

पहिल्यांदा डबी बोलली तेव्हा केतकी हात जोडूनच बसली होती. आई आता काय म्हणेल? माझं नाव घेईल?

"पंखा बंद कर की," डबी म्हणाली. "मारतीस काय गारठ्यानं?"

केतकी हसता हसता रडली, रडता रडता पंखा बंद करायला धावली आणि बटण दिव्याचं दाबलं.

पण मेंदू म्हणजे सिमेंटचा ओटा नव्हे. तो श्वासागणिक हलतो, जाळी तसूभर सरकते, तारांवर मांसाचा पापुद्रा धरतो. काल जो इशारा 'चहा'चा होता, तो आज थोडा वेगळा उमटतो. म्हणून डबीला रोज नव्यानं शिकवावं लागायचं. कुणीतरी आक्कांसमोर बसायचं, एक शब्द उच्चारायचा, आक्कांनी तोच मनातल्या मनात म्हणायचा. डबीला ठाऊक असायचं की आत्ता म्हटला जाणारा शब्द हाच आहे, मग ती आपला अर्थ ताडून बघायची आणि चुकली असेल तर सुधारायची. रोज तासभर. घरातले याला पाढे म्हणायचे.

पाढे कसे घ्यायचे हे केतकीला समिनानं शिकवलं. समिना मुजावर मिरजेच्या वाचाकेंद्रात होती. आठवड्यातून एकदा यायची, आक्कांच्या डोळ्यांच्या रेषेत बरोबर येईल अशी खुर्ची ओढायची आणि सुरुवात करायची. केंद्रानं दिलेले शब्द होते पाणी, औषध, उशी, आभार.

"केतकीताई, ह्या 'आभार' म्हणायला तयारच नाहीत," समिना पहिल्याच दिवशी म्हणाली. "डबीत शून्य येतंय."

"जन्मात म्हटला नसेल तिनं तो."

"मग कशाला त्यांच्या मेंदूला शिणवायचं?" समिना आक्कांकडे वळली. "आक्का, तुम्हीच सांगा, काय म्हणायचं?"

मग पाढे बदलले. ब्याडगी. संकेश्वरी. देठ. खोबरं. तळून. कुटून. मेली. आक्कांची बुबुळं वर जायची, डबी चुकायची, समिना पुन्हा म्हणायची, डबी सुधारायची. एखादा दिवस चुकला तर 'चहा'चं 'चल' व्हायचं. तीन दिवस चुकले की आक्का काय बोलतात ते आक्कांनाही कळायचं नाही, आणि डबीतून शिव्या तेवढ्या स्वच्छ यायच्या. "त्या खोलवर रुजल्यात," समिना म्हणायची.

तो तास सकाळचाच लागायचा, आक्कांचं डोकं ताजं असताना. आणि सकाळ म्हणजे जुईची शाळा. दाराबाहेर जुई "आई, आई" करत दारावर थापा मारायची, धैर्यशील तिचे केस कसेबसे रबरात कोंबायचा, आत केतकी "खोबरं, आई, खोबरं" म्हणत असायची आणि तिचे कान दाराला लागलेले असायचे. लेक अडीच-तीन वर्षांची झाली, एकाही सकाळी केतकीनं तिची वेणी घातली नव्हती.

अशात डबीची नवी आवृत्ती आली. जाळी आणि डबी बनवणाऱ्या कंपनीनं सांगलीत मोठा समारंभ केला. पडद्यावर एक आजी आणि नातू खिदळत होते, खाली अक्षरं होती: पाढ्यांना कायमची रजा! नवी डबी स्वतःच स्वतःला शिकवणार होती. दिवसभरात माणूस जे बोलतो त्यावरूनच ती आपला अर्थ सुधारत जाईल, समोर कुणी बसायला नको. ज्या तरुणानं ही युक्ती काढली त्याच्या गळ्यात हार पडले, वर्तमानपत्रात फोटो आले. वाचाकेंद्रातला पाढे घेणारा विभाग पुढच्याच महिन्यात बंद झाला. फोटो कुणाचा आला नाही.

समिना निरोप घ्यायला आली तेव्हा केतकीनं विचारलं, "चांगली आहे का गं नवी?"

"चांगली असेल," समिना म्हणाली. "पण ताई, आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा, तर नापास कोण होणार?" मग स्वतःशीच हसली. "जाऊ दे. नोकरी गेलेल्या बाईचं बोलणं. तुम्ही मनावर घेऊ नका."

आईला विचारणं भाग होतं. केतकीनं विचारलं.

"नको," डबी म्हणाली.

"का पण?"

"टाकी नको म्हणणारी गिरण बघितलीस कुठं?"

केतकीला आठवलं. गिरणीचे दगड फिरून फिरून गुळगुळीत होतात, मग त्यांना छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, तीच टाकी. बाहेर डबे घेऊन माणसं ओरडत असली तरी आई गिरण बंद ठेवून टाकी मारायला बसायची. न मारता दळलं तर पीठ दिसायला मऊसूत येतं, पण गरम होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. भाकरी थापायला घ्यावी तर चिरते.

"आई, ते दगड होते. हे यंत्र आहे." मग न ठरवता तिच्या तोंडून निघून गेलं, "मला तासभर मिळेल गं. जुई मला सकाळी दिसतच नाही."

आक्कांची नजर छतावरच्या पंख्यावर होती.

"कर मग," डबी म्हणाली.

आणि खरंच, ती वर्षातली सगळ्यात गोड सकाळ होती. जुईला मांडीत घेऊन केतकीनं तेल लावलं, भांग पाडला, दोन वेण्या घातल्या. जुई आरशात बघून म्हणाली, "बाबाच्या वेण्या दुखतात. तुझ्या नाही दुखत." केतकीनं तिच्या मानेवरच्या मऊ जावळात नाक खुपसलं आणि तशीच बसून राहिली.

नवी डबीही छानच बोलायची. अडखळणं नाही, 'चहा'चं 'चल' नाही. रोज संध्याकाळी तिच्यावर पाच चांदण्या उमटायच्या आणि प्रश्न यायचा: आजचं बोलणं कसं वाटलं? ज्या दिवशी आई "चहात पाणीच लई" म्हणायची, त्या दिवशी दमलेली केतकी दोन-तीन चांदण्या दाबून मोकळी व्हायची. ज्या दिवशी "चहा छान झालाय" म्हणायची, त्या दिवशी पाच. तिनं यात कधी काही विचार केला नाही. कुणीच केला नसता.

हळूहळू आक्का निवळल्या. गल्लीतल्या बायका येऊन बसायला लागल्या, कारण आता जिव्हारी लागणारं बोलणं नव्हतं. समोरच्या सरूकाकू तर पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "दुखण्यानं माणूस शहाणं होतं बघ." धैर्यशील चेष्टा करायचा, "सासूबाईंच्या सलाईनमधे गूळ घालतेस काय गं?"

आणि एका दुपारी, आईचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत असताना, डबी म्हणाली, "केतकी, तू माझ्यासाठी फार केलंस. तुझ्यासारखी लेक मिळायला भाग्य लागतं."

केतकी शाळेत पहिली आली तेव्हा आई म्हणाली होती, "दुसरी कोण आली? तिचं अक्षर बरं असंल." लग्नात म्हणाली होती, "साडी लई चकाकतीया." चौतीस वर्षांच्या पोरीनं ज्याची वाट बघणंसुद्धा सोडून दिलं होतं, ते वाक्य आज आलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि त्याच्या आवाजाआड पोटभर रडली. त्या संध्याकाळी तिनं पाच चांदण्या अशा दाबल्या की बोट पांढरं पडलं.

त्यानंतर ते वाक्य वरचेवर येऊ लागलं. दिवाळीपासून आईच्या डोळ्यांतून पाणीही वरचेवर येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, पापण्या पुरत्या मिटत नाहीत, डोळे कोरडे पडून झोंबत असतील. त्यांनी थेंब दिले. केतकी दिवसातून चार वेळा न चुकता ते घालायची. "बरं वाटतं ना?" विचारायची. "खूप बरं वाटतं," डबी म्हणायची. केतकीची नजर तोवर बाटलीच्या झाकणावर गेलेली असायची. आवाज असताना बुबुळं कोण बघतं?

मार्च आला, खाली डंक धडाडू लागला. समिना आपल्या घरच्या मिरच्या घेऊन आली. मिरच्या रांगेत ठेवून, नाकाला ओढणी लावून, शिंकत शिंकत वर आली. आता ती एका शाळेत लहान मुलांचे उच्चार सुधारायची.

"आक्का, ओळखलं का?" सवयीनं तिनं खुर्ची ओढली ती बरोबर डोळ्यांच्या रेषेत.

"समिना, तू आलीस, फार आनंद झाला," डबी म्हणाली.

समिना हसली नाही. "एवढी साखर? आक्का, एक पाढा होऊ दे. म्हणा, ब्याडगी."

"घरी सगळे बरे आहेत ना?"

"ब्याडगी, आक्का."

"तू नेहमी येत जा. तुझ्याशी बोलून बरं वाटतं."

केतकी चहाचा कप घेऊन दारातच थांबली. खाली डंकाचे घाव पडत होते. समिनानं पुढं वाकून आक्कांच्या डोळ्यांत बघितलं, मग हात लांब करून डबीचं बटण बंद केलं. खोलीत एकदम पोकळी झाल्यासारखं वाटलं.

"आक्का, डबी तुमचंच बोलती का?"

बुबुळं खाली गेली. तिथंच राहिली.

"काय केलंस समिना, तिला..." केतकी पुढं आली.

"ताई, बसा. इथं बसा. बघा त्यांच्याकडं." समिना एकेक प्रश्न सावकाश विचारत गेली. "काही होतंय का? दुखतंय? ... हो. पोटात? ... नाही. पाठीत? ... नाही. डोकं? ... तोंडात?"

बुबुळं वर गेली, इतकी वर की पांढरंच दिसायला लागलं.

"दाढ?"

वर.

"कधीपासून? संक्रांतीपासून? ... त्याच्याही आधी? दिवाळीपासून?"

वर.

कपातला चहा केतकीच्या हातावर सांडला होता. तिला भाजल्याचं कळलंही नाही.

नंतर मिरजेत एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तिला समजावून सांगितलं ते तिला एका दमात कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. जाळीकडून येणारा इशारा पुसट झाला की डबी अंदाजानं वाक्य पुरं करायची. पूर्वी पाढ्यांमुळे तो अंदाज रोज माणसाशी ताडून बघितला जायचा. आता ती आपला अंदाजच आईचं बोलणं म्हणून धरून चालायची आणि त्यावरून उद्याचा अंदाज बांधायची. कुठला अंदाज बरा, हे तिला एकाच गोष्टीवरून कळायचं. चांदण्यांवरून. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. आई आत "दाढ, दाढ" म्हणून आक्रोश करत राहिली आणि डबी लेकीला हवं तेच बोलायला शिकत गेली.

दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. तिथला संसर्ग रक्तात उतरला आणि रक्तातून जाळीवर जाऊन बसला. आक्का वाचाव्यात म्हणून जाळी काढावी लागली. ती जागा दुसरी जाळी बसवण्यासारखी राहिली नव्हती.

"काढण्याआधी एकदा पाढे..." केतकी डॉक्टरांना म्हणाली. "एक तास द्या मला. एकच तास."

"ताप बघा त्यांचा," डॉक्टर म्हणाले. ते फार हळू बोलले.

आक्का वाचल्या. घरी आल्यावर कंपनीतून एका मुलाचा फोन आला. बोलायला अदबशीर होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मॅडम, पुढच्या आवृत्तीत आम्ही यावर उपाय काढलाय," तो म्हणाला. "आणि तुम्ही तुमच्याकडची डबी परत पाठवू नका. आईंचा इतका नमुना तिच्यात जमलाय की जाळी नसली तरी ती बोलू शकते. अगदी आईंसारखी. बऱ्याच घरांना त्याचा आधार वाटतो."

"आणि आई?" केतकीनं विचारलं.

"हो, तेच म्हणतोय, आईंचाच आवाज..."

तिनं फोन ठेवला. डबीची वायर काढली, गुंडाळली आणि ती कपाटात न ठेवता थेट खाली नेऊन भंगाराच्या पोत्यात टाकली. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की त्या आवाजातलं "तू फार केलंस" आपल्याला अजून ऐकावंसं वाटतंय. ती मधल्या पायरीवर कठडा धरून थोडा वेळ उभी राहिली.

आता सकाळी पुन्हा खुर्ची ओढली जाते. जुई शाळेत गेली की. समिनानं पुठ्ठ्यावर मुळाक्षरांच्या ओळी काढून दिल्यात. केतकी एकेका ओळीवर बोट ठेवते, बुबुळं वर गेली की त्या ओळीतलं एकेक अक्षर विचारते. एका शब्दाला चहा गार होतो. आक्का लवकर दमतात. आजारानं वरच्या मजल्यावरही थोडी पडझड झाली असावी, कारण कधीकधी अक्षर मधेच सुटतं आणि नजर भरकटते. डॉक्टर म्हणालेत, हेही फार दिवस टिकेल असं धरून चालू नका.

पुठ्ठा आला त्या दिवसापासून एक प्रश्न केतकीच्या जिभेवर होता. ती तो गिळायची. औषधाचं विचारायची, कुशीचं विचारायची, खिडकीचं विचारायची. एक दिवस सगळं विचारून झालं.

"आई," ती म्हणाली, "डबी म्हणायची ना... तू माझ्यासाठी फार केलंस म्हणून. ते एकदा तरी, एकदा तरी तू म्हणाली होतीस का?"

आक्कांनी तिच्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मग बुबुळं खाली गेली.

नाही.

केतकीनं मान हलवली. "बरं," म्हणाली. दिवाळीपासून या खोलीत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. आई होती ही, तीच, जशीच्या तशी. केतकीला हुंदका आवरेना. तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि डोळे गच्च पुसले.

ओढणी खाली घेतली तेव्हा आईची बुबुळं कुठूनतरी परत येत होती. वरून की खालून, ते तिला दिसलं नव्हतं.

"काय म्हणालीस?" केतकीनं घाईनं खुर्ची पुढं ओढली. "आई, माझं लक्ष नव्हतं गं. परत सांग."